मिशी न हलवता

"मिशी हलली! म्हणजे चुकलं," फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली. मी तिच्यापुढे गुडघे वर करून आडवा, पोट आवळून, श्वास कोंडून लालबुंद झालेलो.

प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं आणि मी बागेतला हास्यक्लब सोडला. अकरा वर्षं तिथं मी सगळ्यांना हसवलं, पण आता 'हा हा' केलं की पायजमा ओला व्हायचा. क्लबात सांगितलं, गुडघा दुखतोय.

"काका, ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची झोळी बांधलेली असते. मूत्राशय तिच्यावरच टेकलेलं असतं," ती म्हणाली. "चारचौघांत गॅस अडवतो ना आपण, तशी ती झोळी आत, वर ओढायची. पोट, मांड्या, मिशी, सगळं गप्प. श्वास मात्र चालू."

"हे तर मी ऑफिसात तीस वर्षं केलंय!"

"मग आता घरी करा. रोज तीनदा."

तीन महिने केलं. भाजी निवडताना केलं, भाचीच्या लग्नात अक्षता टाकतानाही केलं. कुणाला पत्ता लागला नाही.

काल बागेत गेलो. झोळी ओढली आणि असा हसलो की चिंचेवरचे पोपट उडाले. पायजमा कोरडा ठाक!

शेजारी क्लबातले ढवळीकर उभे होते. दिवाळीपासून ते मोठ्यानं हसत नाहीत, दाढ दुखते म्हणतात. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, गाल फुगले होते.

मी त्यांच्या कानाशी लागलो. "श्वास सोडा, ढवळीकर. मिशी हलतेय."