धाकट्याची वाटणी

घराच्या मधोमध काचेचा पडदा भरत आला होता. समुद्रतळावरचं ते जिवंत काचघर डबीसारखं दुभंगत होतं. रीतीप्रमाणे झाकण थोरल्या मोरेश्वरला, त्यात बसणारं लहान बूड धाकट्या विसूला. दोघांचाही उरलेला अर्धा भाग घर स्वतःच वाढवायचं, पण कायम आतल्या बाजूने. म्हणून धाकट्याचं घर दर वाटणीत आखडायचं. विसूचे वडील, आजोबा, सगळे धाकटेच.

जागा अपुरी म्हणून विसू आतापासूनच गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. शेजारी त्याची गरोदर बायको, सगुणा.

"दादा, या वेळी बूड तू घे ना."

"रीत मोडायची नाही," फटीपलीकडून मोरेश्वर म्हणाला. "आणि घाबरतोस कशाला? घर फारच लहान झालं, की जुनं कवच टाकून देतं आणि पुन्हा पहिल्याएवढं मोठं होतं. नशीबवान आहेस."

"कवच टाकतं तेव्हा आतली माणसं कुठे असतात, भाऊजी?" सगुणाने विचारलं.

तेवढ्यात फट बुजली. काचेपलीकडे मोरेश्वरने मान खाली घातलेली दिसली.

इकडे घराचा सांधा करकरला, आणि सगुणाच्या तळपायाला गार पाणी लागलं.