बोळकं

बाईंनी पर्समधून टिश्यूची पुरचुंडी काढून काउंटरवर ठेवली. आत वरच्या दातांची कवळी होती, मधोमध मोडून दोन तुकडे झालेली.

"आमच्या ह्यांची," बाई म्हणाल्या. "खालची वाचली, पण वरचीवर माझाच पाय पडला हो सकाळी. डॉक्टर म्हणाले, आमच्याकडे टाकलीत तर चार दिवस जातील, सरळ लॅबमध्येच जा, दोन तासांत जोडून देतात. तोवर बिचारे तोंड लपवून बसलेत घरी."

ताईनं तुकडे उचलले. कवळ्या बनवण्याच्या या लॅबमध्ये तिची वीस वर्षं गेली होती. दिवसभर परक्यांच्या तोंडातल्या उष्ट्या कवळ्या हाताळायच्या, आणि दुपारी त्याच हातांना साबण लावून डबा खायचा. आमच्या ताईला किळस म्हणून ठाऊकच नाही, असं लॅबमधले सगळे कौतुकानं सांगत.

तिनं तुकडे दिव्याखाली धरले. डावीकडचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला होता. कुठलाही कारागीर असा दात मुद्दाम वाकडा बसवत नाही. लोक कवळी करतात तीच सरळ दातांसाठी. आपला जुना वाकडा दात परत मागणारं गिऱ्हाईक तिला आजवर एकच भेटलं होतं, आणि तो तिचा नवरा होता. लग्नाच्या फोटोत होता तसाच हवा म्हणून हटून बसला होता. तो तर कालपासून कंपनीच्या कामानं परगावी गेला होता.

आमच्या ह्यांची, म्हणे!

ताईनं तुकडे ट्रेमध्ये ठेवले. "बसा," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

आठ महिन्यांपूर्वी त्याचं लफडं उघडकीला आलं, तेव्हा त्यानं दातांच्या कण्या केल्या होत्या. स्वतःचे नव्हते, तरी केल्या. संपलं, शपथ, पुन्हा नाव काढणार नाही. ताईनं मान डोलावली खरी, पण किळस घरात शिरली ती शिरलीच. त्याच्या पेल्यातलं पाणी ती पीत नसे. त्याचा टॉवेल चिमटीत धरून बादलीत टाकायची. समोर बसून तो मचमच जेवायचा आणि हिचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहायचा. दोनदा बॅग भरून ती मोठ्या बहिणीकडे गेली आणि दोनदा परत आली. बहीण कावली. "अगं, शिसारी येते ना त्याची? मग सोडत का नाहीस?"

कारण होतं, पण ते सांगायची सोय नव्हती. हिरड्यांच्या दुखण्यानं त्याचे सगळे दात ऐन बेचाळिशीत गेले, तेव्हा हा ऐटबाज माणूस आठवडाभर उशीत तोंड खुपसून पडला होता. माप तिनं घेतलं, कवळी तिनं केली. सख्ख्या आईलाही त्यानं आपलं बोळकं दाखवलं नाही. "हे तोंड फक्त तुझ्यापुढे उघडं," असं म्हणून तो तिच्या कुशीत रडला होता. त्या दुसरीला तो कवळी घालूनच भेटत असणार, ताई स्वतःला समजवायची. तिच्याकडे जातो तो सूटबूटातला माणूस. बसलेले गाल आणि बोबडे बोल अजून माझेच आहेत. एवढ्याशा टेकूवर बिचारीनं आठ महिने संसार उभा धरला होता.

तिनं तुकडे जुळवून मेणानं चिकटवले. मान वर न करता विचारलं, "पाय कसा पडला? डबीत नाही ठेवत?"

"कुठली डबी! आल्या आल्या काढतात आणि टाकतात कुठंही. कॉटखाली काय, चपलांजवळ काय! म्हणतात, तुझ्याकडे आलं की मोकळं मोकळं वाटतं." बाई चक्क लाजल्या. "आणि खरं सांगू? मलाही मेलं ते बोळकंच आवडतं त्यांचं. हसले की अगदी तान्हं बाळ!"

ताई उठली. मागच्या बेसिनपाशी जाऊन सकाळचा चहा ओकून आली. तोंड धुतलं, आरशात पाहिलं. शी! हे असलं उष्टं आपण देव्हाऱ्यातल्यासारखं जपत बसलो? दोनदा भरलेली बॅग त्याच्यासाठी पुन्हा उपसली? आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला स्वतःची किळस आली. ती त्याच्या टॉवेलाहून, पेल्याहून, मचमचीहून मोठी होती, आणि तिला चिमटीत धरून बादलीत टाकता येईना.

मग ती कामाला लागली. प्लॅस्टरचा साचा ओतला, फटीत गुलाबी भुकटी कालवून भरली, घट्ट होऊ दिली, घासायला घेतली. आतली एखादी कड जराशी धारदार सोडावी, महिनाभर हिरडी सोलून निघेल, असं एकदा मनात येऊन गेलं. पण त्या हिरडीचा विचार करायचाही तिला कंटाळा आला. तिनं कड गुळगुळीत केली, चकाकी दिली, सांधा कुठं होता ते शोधून सापडू नये अशी कवळी जोडली आणि डबीत घालून काउंटरवर ठेवली.

"अय्या, नवीनच वाटते!" बाई हरखल्या. "बसेल ना पण नीट? त्यांना घेऊन येऊ का दाखवायला?"

"नको. बसेल." ताईनं डबी त्यांच्याकडे सरकवली. "रोज दोनदा ब्रशनं घासायची, नाहीतर वास मारते. त्यांना सांगून उपयोग नाही, ते हातही लावत नाहीत. सहा वर्षं मी घासली. आता तुम्ही घासा."