पॅकिंगचा कागद

पेटीचं झाकण निघालं आणि कुंदा टाचा उंचावून आत डोकावली.

आत अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातल्या एका सेनापतीची पत्रं होती. हा गडी आधी लढला, मग गव्हर्नर झाला आणि मरेपर्यंत पत्रं खरडत राहिला. शारजाच्या संग्रहालयात आता त्यांचं प्रदर्शन भरणार होतं. जुने कागद सांभाळण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या कुंदाला ती स्वतःच्या हातांनी उचलून मांडायची होती. लेकीचा सकाळपासून एकच मेसेज येत होता, 'मॉम, डिड यू टच इट येट?'

"यल्ला, चला लवकर, कुंदाताई," शेजारी उभा असलेला सहकारी हारुन कुजबुजला. "माझंच बीपी वाढायला लागलंय."

पत्रांसोबत अमेरिकेहून क्लेअरबाई आल्या होत्या. पत्रांना कोण हात लावणार, हे त्या ठरवणार. हात स्वच्छ धुवायचे आणि मग पत्रांशिवाय कशालाही लावायचे नाहीत, एवढीच त्यांची अट. कुंदाने तर ऑपरेशनला निघाल्यासारखे हात धुतले होते.

क्लेअरबाईंनी वरचा पॅकिंगचा कोरा कागद काढून बाजूला ठेवला. तो घसरून खाली पडला आणि उतावळेपणाने पुढे झालेल्या कुंदाचा पाय नेमका त्यावर पडला.

ती चटकन वाकली. कागदाला बोटं लावली, तीच कपाळाला लावली. लहानपणापासूनची सवय, विचार करायला वेळच मिळाला नाही. धुतलेल्या बोटांना आता फरशीची धूळ होती आणि टिकलीखालचा घाम. हारुनने डोळे मिटून घेतले.

"थांबा," क्लेअरबाई इंग्रजीत म्हणाल्या. "हे काय केलंत?"

हातातोंडाशी आलेला घास गेला. कुंदाला रडूच यायला लागलं.

"सॉरी. पाय लागला. आमच्याकडे कागदाला पाय लागला, की त्याची माफी मागतात."

"पण हा पॅकिंगचा आहे. यावर काही लिहिलेलंसुद्धा नाही."

"कागद तर आहे ना."

क्लेअरबाईंनी पेटीचं झाकण परत लावलं.

"हात धुऊन या," त्या म्हणाल्या. "तुम्ही आल्याशिवाय उघडत नाही."

कुंदा अक्षरशः धावली. हात धुऊन, कोरडे करून परतली, तेव्हा फरशीवर काहीच नव्हतं. तो कोरा कागद टेबलावर होता, आणि क्लेअरबाई तळहाताने त्याच्या चुण्या सारख्या करत होत्या.