मोरूच्या वाटचा राग

सदाने वल्हं टेकवून होडी खडकापासून मागे रेटली, तेव्हा दयाराम पाठमोरा बसून कालवं फोडत होता. तो वळून पाहीपर्यंत मध्ये वीस हात पाणी झालं होतं.

"सदा, मस्करी पुरे! भरती लागली."

"लागू दे."

मिठागरावर वाढलेल्या दयारामला पोहता येत नव्हतं. सदाला ते पक्कं ठाऊक होतं.

मागच्या अमावास्येला याच खडकावर दयारामने सदाच्या धाकट्या भावाला बसवलं होतं. "मोरू, मी येईपर्यंत कालवं राख. हलायचं न्हाय." मग किनाऱ्यावर जाऊन चार टाळकी जमवून तो मजा बघत बसला. मोरू सव्वीस वर्षांचा. शरीर वाढलं, समज लहान मुलाचीच राहिली. बोलणं तुटक, पण सांगितलेलं काम तंतोतंत. माशासारखा पोहणारा मोरू पाणी गळ्याला लागलं तरी हलला नाही. सदाने त्याला ओढून काढलं, तेव्हा कालवांच्या धारेने त्याची बोटं सोलून निघाली होती. तो रडला मात्र नाही.

"खुळ्याला कसली भीती?" दयाराम काशीद गावभर सांगत सुटला.

मोरूला राग धरता येत नाही, असं आई म्हणायची. म्हणून त्याच्या वाटचा राग सदाने महिनाभर धरला. दयारामशी गोड बोलून त्याला कालवांना आणलं. मोरूलाही आणलं. त्याने हे बघायलाच हवं होतं.

पाणी दयारामच्या गुडघ्यांवर चढलं. मग कमरेला लागलं. त्याची टोपली तरंगत निघून गेली.

"सदा, पाया पडतो रे! पोरंबाळं हायेत मला!"

"कालवं राख. हलायचं न्हाय." सदा महिन्याभरात पहिल्यांदा हसला. "बघ मोरू, कसा थरथरतोय!"

मोरू बघतच होता. होडीतून हलायचं नाही, असं सदाने त्याला निघतानाच बजावलं होतं. तरी तो उठला आणि त्याने पाण्यात उडी घेतली. सदा ओरडला, पण मोरू वळला नाही. तो खडकावर चढला, दयारामला खेटून उभा राहिला आणि त्याचा हात त्याने घट्ट धरला.

"दादा, तू जा आता," तो म्हणाला. "मला एकट्याला लय भ्या वाटलं. ह्याला न्हाय वाटणार. मी हाय."