रोजचं वजन

"मामा, ह्याला रबर म्हणायचं?" किशोरने गाडीखालून हात बाहेर काढला. तळहातावर काळा चुरा होता. "मागच्या पाट्यांचे सगळे बुश गेलेत. लोखंडावर लोखंड आपटतंय. शेवटचे कधी बदललेले?"

"ध्यानात नाय," लहानू म्हणाला.

तो गॅरेजच्या पायरीवर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. पेठ रोडवरच्या दोन गॅरेजवाल्यांनी जुनी पिकअप पाहून दुपारनंतर यायला सांगितलं होतं. किशोर मात्र लगेच खाली शिरला, कारण लहानूने त्याला आधी लेकीचं सांगितलं आणि मग गाडीचं.

सोमवारी पहाटे पायलला कळा सुरू झाल्या. पहिलं बाळंतपण, तेही पंधरा दिवस आधी. हौद्यात गोधड्या टाकून तिला दिंडोरीकडच्या मजुरीच्या मुक्कामावरून नाशिकला आणलं. प्रत्येक खड्ड्याला मागून धाडकन आवाज यायचा आणि त्याच्या पाठोपाठ पायल ओरडायची. लहानूने वेग कमी केला की त्याची बायको साळूबाई मागून काचेवर थाप मारायची, लवकर चला. वेग वाढवला की पुन्हा थाप, हळू चला. दवाखान्यात पोट फाडून मुलगी काढावी लागली. दोघी वाचल्या. आज शुक्रवार, दुपारी सुट्टी मिळणार होती. ओले टाके घेऊन पायलला पेठच्याही पुढे, घाटापलीकडच्या पाड्यावर जायचं होतं.

"बारापर्यंत होईल का?" लहानूने विचारलं.

"तुम्ही दर पाच मिनिटांनी विचारलं नाहीत तर होईल."

किशोरने जॅक लावला, चाकं काढली, बोल्टांवर तेल सोडलं. एक बोल्ट काही केल्या हलेना. लहानू उठला आणि न सांगता पान्ह्याला पाइप अडकवून जोर लावला. बोल्ट करकरला आणि सुटला.

"गाडीतलं कळतं की तुम्हाला."

"तीन वरसं टेम्पो चालवला. लय जुनी गोष्ट हाय."

नवे बुश बसले. किशोरने बिलबुक उघडलं. "गाडी नंबर?"

लहानू मागे गेला, पाटी पुसली आणि एकेक आकडा वाचून सांगितला.

"मामा, स्वतःचा फोन नंबर तरी पाठ आहे ना?"

"तो पायलला पाठ हाय."

किशोर हसला. चाकं बसवून त्याने गाडी जमिनीवर टेकवली. बोल्ट अजून सैलच होते. गाडी हवेत असताना ते पूर्ण कसायचे नसतात. वजन पडल्यावर रबर पिळतं आणि दोन महिन्यांत फाटतं. ज्या वजनावर गाडी चालणार, त्याच वजनावर शेवटचा पीळ द्यायचा.

"रोज काय भरता?"

"द्राक्षाचे क्रेट. तीस-चाळीस असतील."

"असतील म्हणजे?"

"हंगामावर हाय."

"बरं, ते राहू द्या. आज मागे दोन बाया आणि बाळ. मी रिकाम्यावरच कसतो. लेकीला मऊ लागेल. पुढचं पुढे बघू, महिन्याभरात या, पुन्हा कसून देईन."

लहानूने हौद्याच्या फळीवर हात टेकला. समोरून पेठची एसटी गेली.

"नको," तो म्हणाला. "रोजच्या वजनावरच कस."

"अहो, तिचे टाके ओले आहेत. रिकामी गाडी जरा कडक चालेल."

"हळू नेईन. पण गाडीला पक्कं काम पायजे. पुन्हा येणं व्हायचं नाय."

किशोरने खांदे उडवले. कोपऱ्यातल्या वाळूच्या गोण्या दोघांनी मिळून हौद्यात चढवल्या. गाडी खाली बसली. मग किशोरने एकेक बोल्ट कसला आणि लहानूने प्रत्येकावर हात फिरवून पाहिला. गोण्या पुन्हा खाली उतरवल्या.

दुपारी पायल गोधड्यांवर आडवी झाली. बाळ साळूबाईच्या मांडीवर. शहर सुटताना रस्त्यात पोलीस उभा होता. त्याने हात केला. लहानूचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. पोलिसाने मागे डोकावून पाहिलं, टोपड्यातलं तोंड पाहिलं आणि जा म्हणाला.

घाटात लहानूने पहिल्या-दुसऱ्याच्या वर गिअर टाकलाच नाही. माथ्यावर गाडी थांबवून तो मागे आला.

"दुखतंय का गं?"

"थोडं. पण त्या दिवसासारखं नाय," पायल म्हणाली. "बा, तो आवाज कुठं गेला?"

"नाशकात ठेवून आलो."

पायलला हसू आलं, तशी ती टाक्यांवर हात धरून म्हणाली, "हसवू नको रं."

साळूबाई हसली नाही. ती लहानूकडे बघत राहिली.

शनिवारी उजाडताच लहानूने हौदा धुतला. गोधड्यांतून झिरपलेल्या रक्ताचा डाग फळीला लागला होता, तो राखेने घासून काढला. साळूबाईने नागलीच्या भाकरी बांधून दिल्या.

"एवढ्या कशाला? दिंडोरीलाच जातोय."

"दोन दिवस पुरतील. असू दे." मग हळू आवाजात म्हणाली, "मी येते संगं."

"पोरीपाशी रहा. पाचवी झाली, बारसं व्हायचंय. नाव माझ्यासाठी थांबवू नका."

त्याने बाळाच्या तळपायाला बोट लावलं आणि निघाला.

दिंडोरीच्या अलीकडे, द्राक्षबागेच्या कडेला एका बंगल्यापुढे त्याने पिकअप उभी केली. इंजिन बंद करून खाली उतरला. दार उघडून एक तरुण स्लीपर घालतच बाहेर आला. आधी गाडीकडे, मग लहानूकडे बघत तो पायरीवरच थांबला.

लहानूने टोपी काढली आणि चावी पुढे केली.

"दादा," तो म्हणाला, "सोमवारी पहाटे तुमची गाडी मी चोरली."