विषयाला धरून

'वरठी रेल्वेप्रेमी' या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन प्रविण विषयाच्या बाबतीत कडक होता. गुड मॉर्निंग, वाढदिवस, श्रद्धांजली, सगळं डिलीट करायचा. घरात मात्र तो कोणाशीच बोलत नसे. म्हणून त्याची आई ग्रुपमध्ये आली.

पहिल्याच दिवशी तिने लिहिलं, "प्रविण, जेवाले ये."

प्रविणने मेसेज डिलीट केला आणि फोन लावला. "माय, इथं फक्त रेल्वेचं टाकाचं."

"मंग तुह्याशी बोलाचं कुठं?"

"ते ग्रुपच्या विषयात नाही येत."

रविवारी तो स्टेशनवर मालगाडीचे फोटो काढत होता. तेवढ्यात आईने ग्रुपवर एक फोटो टाकला. त्याने सवयीने तपासला. इंजिन पूर्ण दिसत होतं, नंबर वाचता येत होता. फोटो नियमात बसत होता. फक्त हे इंजिन आत्ता त्याच्याच समोर उभं होतं, आणि फोटोत इंजिनापुढे एक माणूस कॅमेरा घेऊन पाठमोरा उभा होता.

प्रविणने मागे वळून पाहिलं. बाकावर आई डबा उघडून बसली होती.

"नंबर बराबर दिसून राहिला ना रे?" तिने विचारलं.