करीमचा वाढदिवस

पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर रशीदाभाभी आणि तिच्या मैत्रिणी रोज दुपारी पेशंटच्या नातेवाइकांना जेवू घालायच्या. फुकटचं म्हटलं की भल्या घरची माणसं उपाशी बसतात, पण हात पुढे करत नाहीत, हे भाभीला ठाऊक होतं. म्हणून ती प्रत्येक ताटात वरणभाताशेजारी चमचाभर शिरा वाढायची आणि म्हणायची, "आज आमच्या करीमचा वाढदिवस आहे. नाही म्हणू नका."

वाघोलीच्या दत्तोबांची बायको आत होती. पहिल्या दिवशी ते संकोचत जेवले. आठवडा उलटल्यावर ताट घेताना म्हणाले, "रोजच वाढदिवस हाय म्हणता. पोरगं लवकर म्हातारं व्हायचं की."

आजूबाजूचे हसले. भाभी हसली नाही. तिनं त्यांना शिरा जरा जास्त वाढला.

मंगळवारी दत्तोबा रांगेत आलेच नाहीत. दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. भाभी ताट घेऊन त्यांच्यापाशी गेली.

"आज नको," ते म्हणाले. "सकाळी आमची मंडळी गेली. गाडीची वाट बघतोय. सुतकात वाढदिवसाचं खायला चालत न्हाई."

भाभी परत गेली. दुसरं ताट वाढून आणलं. त्यात शिरा नव्हता. ते त्यांच्या हातात देऊन ती शेजारीच पायरीवर टेकली.

"घ्या दादा, चालतं," ती म्हणाली. "आमचा करीमही याच दवाखान्यात गेला."